भाचीच्या बायोडाट्यात नर्सिंग कुठे आहे?

आज दुपारी ताईने भाचीचा बायोडाटा पाठवला. आपल्या इंदूरच्या मराठी वधू-वर ग्रुपवर टाकायचाय, एकदा नजर टाक म्हणाली. शिक्षण : पदवीधर. नोकरी : नामांकित हॉस्पिटलमध्ये. संपलं! चार वर्षं बी.एस्सी. नर्सिंग केलेली, आयसीयू सांभाळणारी पोरगी, आणि अख्ख्या कागदावर त्याचा पत्ता नाही.

फोन लावला. ताई म्हणाली, "अगं, नाइट ड्यूटी म्हटलं की लोक नाकं मुरडतात." लोकांचं एक वेळ सोडा. पण मागून भाचीच बोलली, "राहू दे ना मावशी, जर्मनचा क्लास लावलाय. जर्मनीला नर्स म्हणून गेले की लिहू." तिथे माझं डोकं फिरलं. म्हणजे विमानात बसेपर्यंत ही स्वतःच्या लेखी कुणीच नाही?

माझी हयात वॉर्डात गेली. एक रात्र सांगते. धार जिल्ह्याकडचा एक शेतकरी, सकाळी पोटाचं ऑपरेशन झालेलं. बीपी व्यवस्थित, ड्रेनमध्येही, म्हणजे पोटातलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत, विशेष काही नाही. पण माणूस स्वस्थ पडेना. सारखी चादर ओढायचा, "सिस्टरजी, घबराहट हो रही है." कपाळाला हात लावला तर गार, घामेजलेलं. नाडी संध्याकाळच्या चार्टपेक्षा कितीतरी जोरात. ड्यूटी डॉक्टर म्हणाले, बीपी ठीक आहे, सकाळी बघू. मी सरळ सर्जनना फोन लावला. आत रक्तस्राव होत असला की आधी नाडी पळते, माणूस बेचैन होतो. बीपी मागाहून पडतं, आणि तोवर थांबलं तर हातात काही उरत नाही. रात्रीच ऑपरेशन थिएटरमध्ये घेतलं. वाचला.

माझ्या करिअरमधलं यश कोणतं विचाराल तर मी ती रात्र सांगेन. नंतर मिळालेलं इन्चार्जपद नाही.

माझ्या बरोबरीची एक सरकारी नोकरीत लागली, बढती मिळाली, घर झालं. अजून मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय 'सर्व्हिस' लिहिते. डॉक्टर होता आलं नाही म्हणून नर्स झाले, हे तिच्या मनातून गेलंच नाही. मग कितीही मिळो, कमीच वाटणार. दुसरी एका छोट्या नर्सिंग होममध्ये आहे. तान्ह्या बाळाची शीर सापडेना की डॉक्टरही तिलाच हाक मारतात. तिची मान बघा कशी ताठ असते!

हो, ताठ मानेने किराणा भरत नाही, मान्य. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने 2016 मध्येच सांगितलं होतं की 50 खाटांपेक्षा लहान खासगी हॉस्पिटलातसुद्धा नर्सला महिना 20,000 रुपयांच्या खाली देऊ नका. आज किती मुलींच्या हातात तेवढे पडतात, ते आपल्या ओळखीतल्या मुलींनाच विचारा. आणि 12 मेला, नर्सेस डेला, गुलाबाचं फूल देऊन फोटो काढतात.

भाचीवर चिडले खरी, पण लिहिता लिहिता राग ओसरतोय. पोरीने दुसरं पाहिलंय काय? रात्रभर उभं राहायचं, आणि सकाळी नातेवाईक पेढे घेऊन डॉक्टरांची केबिन शोधतात. त्या शेतकऱ्याच्या घरच्यांनीही तेच केलं. तिने जर्मनीला जावं, खुशाल जावं, चार पैसे कमवावेत. पण इथे आयसीयूत ती रोज जे करते ते मोजून जावं.

राग आता व्यवस्थेवर आहे. आमच्याकडे वर चढायचं म्हणजे पेशंटपासून लांब जायचं. इन्चार्ज झालात की रोस्टर, सामानाची मागणीपत्रं, स्टॉक रजिस्टर. मेट्रन झालात की मीटिंगा. चादर ओढणाऱ्या माणसाच्या कपाळाला हात लावणारी सगळ्यात खालच्या पगारावर! मग पोरींना ते काम खालचं वाटणारच. वीस वर्षं बेडसाइडला काढणारीला तिथेच, वॉर्डातच, वरचा ग्रेड आणि वरचा पगार द्यायला काय हरकत आहे? तुमच्यापैकी ज्यांची हॉस्पिटल मॅनेजमेंटमध्ये ओळख आहे त्यांनी हे तिथे बोलाच.

आज नाइट आहे. कॉमेंट्सना उत्तरं उद्या देते.