'फोटोसाठी कमांड लाईन वापरू नका' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगली-मिरजेकडं भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय की फोटोचं कायपण काम असू दे, कमांड लाईनच्या, म्हणजे माऊसऐवजी कमांड टाईप करून काम करण्याच्या, नादाला लागू नका, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाईप करायच्या विंडोत, फोटो दिसतच नाही, कमांडनं कन्व्हर्ट केलं की क्वालिटी जाते, एक अक्षर चुकलं तर सगळे फोटो उडतात, त्यापेक्षा फुकटच्या साईटवर टाका, आणि लईच घाई असली तर फाईलचं नाव बदलून शेवटी जेपीजी लिहा, चालतंय. यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे, बाकीचे चूक आहेत, आणि साईटवाला सल्ला तर पोरांच्या अंगाशी येणारा आहे.

नाव बदलण्यापासून सुरू करतो कारण फॉर्म सगळ्यात जास्त तिथंच अडकतात. नाव बदललं म्हणून फाईल बदलत नाही. आत काय आहे ते फाईलच्या पहिल्या काही बाईट्सवरून ठरतं, जेपेगची सुरुवात एफएफ डी८ एफएफ अशी होते, पीएनजीत तर दुसऱ्या बाईटपासून चक्क पी, एन, जी ही तीन अक्षरंच लिहिलेली असतात. आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, एचईआयसी फॉरमॅटमध्ये फोटो काढतो, त्याचं नाव बदलून जेपीजी केलं तरी आत एचईआयसीच राहतं आणि मग अपलोड करताना 'इनव्हॅलिड फाईल' आलं की पोरं नेटला शिव्या घालत बसतात. लिनक्सवर 'फाईल' नावाची साधी कमांड आहे, तिला नुसतं फाईलचं नाव द्या, ती आत बघून खरं काय ते सांगते. मग 'हेइफ-कन्व्हर्ट'नं खरोखरचं जेपेग करून घ्या.

टर्मिनलमध्ये फोटो दिसत नाही म्हणे. 'फेह' लिहून फाईलचं नाव दिलं की लिनक्सवर फोटोची विंडो लगेच उघडते, आख्खं फोल्डर दिलं तर एकेक फोटो पुढं सरकवत बघता येतो. टर्मिनलच्या आतच बघायचा असेल तर 'चाफा' आहे, साध्या टर्मिनलवर तो रंगीत ठोकळ्यांनी चित्र काढतो आणि सिक्सेल किंवा किटी ही चित्र दाखवायची पद्धत कळणारं टर्मिनल असेल तर व्यवस्थित फोटो दाखवतो. सिक्सेल तर डीईसी कंपनीच्या १९८० च्या दशकातल्या टर्मिनलपासून आहे. आणि बऱ्याचदा फोटो बघायचा नसतोच, किती पिक्सेल आणि किती केबी एवढंच पाहिजे असतं, ते इमेजमॅजिक या फुकटच्या फोटो-सॉफ्टवेअरमधलं 'आयडेंटिफाय' एका ओळीत सांगतं.

क्वालिटीचं म्हणाल तर ती कमांडमुळं जात नाही, जेपेगमुळं जाते. जेपेग परत सेव्ह केला की थोडं नुकसान होतंच, मग ते माऊसनं करा नाहीतर टाईप करून करा. फरक एवढाच की इमेजमॅजिकमध्ये किती दाबायचं ते तुम्ही ठरवता, साईटवर ते दुसराच कोणीतरी ठरवतो. आणि काही कामं तर अजिबात नुकसान न होता होतात. 'जेपेगट्रान' फोटो फिरवताना परत कॉम्प्रेस करत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरात आमच्याकडं किती घरांतले दाखले, उतारे भिजून लगदा झाले, त्यानंतर बऱ्याच जणांनी कागदपत्रांचे फोटो काढून ठेवलेत, त्यांची एकच पीडीएफ करायची असेल तर 'आयएमजीटूपीडीएफ' वापरा, ते जेपेग जसाच्या तसा पीडीएफमध्ये बसवतं. परत बाहेर काढायचे झाले तर 'पीडीएफइमेजेस'ला 'ऑल' ऑप्शन द्या, तेच फोटो तसेच मिळतात.

आता फॉर्मचा फोटो, इथं जरा नीट लक्ष द्या. आयबीपीएसला, म्हणजे बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेला, फोटो २००×२३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी लागतो, सही १४०×६० आणि १० ते २० केबी. मोबाईलचा ३०००×४००० चा उभा फोटो इमेजमॅजिकच्या 'मॅजिक' कमांडला देऊन 'रिसाइज' २००×२३० सांगितलं तर उंची २३० होते पण रुंदी १७२-१७३ च भरते, कारण ते मूळ प्रमाण मोडत नाही, आणि चेहरा चपटा होऊ द्यायचा नसेल तर ते बरोबरच आहे. म्हणून आकड्याच्या शेवटी वर टोक असलेलं कॅरेट चिन्ह लावायचं, मग चौकट पूर्ण भरते, आणि 'ग्रॅव्हिटी सेंटर' व 'एक्स्टेंट' देऊन जादाचं कापायचं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर तो आकडा डबल कोट्समध्ये लिहा, नाहीतर कॅरेट गायब होतं. सगळ्यात आधी 'ऑटो-ओरिएंट' आणि नंतर 'स्ट्रिप', हा क्रम सोडू नका, कारण फोटो उभा की आडवा ही नोंद मोबाईल एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाईलमधल्या लपलेल्या माहितीत, ठेवतो, 'स्ट्रिप'नं ती आधीच पुसली तर पासपोर्ट फोटो आडवा पडतो. कमाल साईज 'डिफाइन'मध्ये 'जेपेग एक्स्टेंट' ५० केबी देऊन बांधता येते पण ती फक्त वरची मर्यादा आहे, फोटो २० केबीच्या खाली गेला तर 'क्वालिटी'चा आकडा वाढवा.

सगळे फोटो उडतात हा तो अर्धा खरा मुद्दा. इमेजमॅजिकमधलं 'मोग्रीफाय' मूळ फाईलवरच लिहितं, विचारत पण नाही. त्याला 'पाथ' ऑप्शननं वेगळं फोल्डर द्या, मूळ फोटोला हात लागत नाही. विंडोजवर अजून एक घोळ आहे, इमेजमॅजिकच्या जुन्या कमांडचं नाव 'कन्व्हर्ट', पण तिथं 'कन्व्हर्ट' ही विंडोजची स्वतःची कमांड आहे आणि ती ड्राईव्हवर फाईली ठेवायची पद्धत फॅटमधून एनटीएफएसमध्ये बदलते, फोटोचा तिच्याशी काही संबंध नाही. म्हणून 'मॅजिक'च लिहायचं.

आणि आता ती फुकटची साईट. पोरं तिथं काय टाकतात ते बघा, फोटो, सही, अंगठ्याचा ठसा, आधार, जातीचा दाखला. म्हणजे एका माणसाच्या नावानं खोटे कागद करायला जे जे लागतं ते सगळं एका जागी, एका बैठकीत, कोणाच्या तरी सर्व्हरवर. 'एका तासात डिलीट करतो' असं लिहिलेलं असतं, खरंच केलं का हे बघायची सोय आपल्याकडं नाही. शिवाय मोबाईलच्या मूळ फोटोत लोकेशन चालू असेल तर घराचे अक्षांश-रेखांशपण जातात. सांगलीतल्या विश्रामबागेत फॉर्म भरून देणारे दुकानदार दिवसभर लोकांचे कागद असेच चढवताना बघितलेत मी, त्यांना दोष द्यायचा नाही, पण ज्याची सही आहे त्याला कोणी विचारत नाही. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, अशा कितीतरी साईटच्या पोटात इमेजमॅजिकच चालतं. २०१६ मध्ये त्यात 'इमेजट्रॅजिक' नावाची सुरक्षेची चूक सापडली तेव्हा जगभरातल्या वेबसाईटवाल्यांची धावपळ झाली ती त्यामुळंच. तेच सॉफ्टवेअर जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये ड्यूपाँट कंपनीत असताना लिहायला घेतलं, १९९० पासून सगळ्यांसाठी फुकट आहे आणि तुमच्या मशिनवर इंटरनेट बंद करूनसुद्धा चालतं.

कॉम्प्युटरच नाही म्हणणाऱ्यांसाठी, अँड्रॉइडवर टर्मक्स हे टर्मिनलचं अ‍ॅप टाका, त्यात इमेजमॅजिकचं पॅकेज मिळतं. एकदा 'टर्मक्स-सेटअप-स्टोरेज' चालवून परवानगी दिली की कॅमेऱ्याचं फोल्डर तिथून दिसतं, आणि वरची कमांड जशीच्या तशी चालते.