हिरव्या ठिपक्याचा मान

पुण्याचे पाहुणे इंदूरला आले की रात्रीचा बेत ठरलेला असतो. आधी सराफा, मग शेजारचा राजवाडा, आणि राजवाड्यासमोर सगळ्यांचा एकत्र फोटो. सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचे व्यवहार चालतात आणि रात्री त्याच बंद शटरांपुढे कढया चढतात, हे पाहून पाहुणे हरखतात. फोटोचं काम मात्र माझ्या गळ्यात पडतं.

आता राजवाडा म्हणजे साधी वास्तू नाही. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. 1984च्या आगीत जळूनही होळकरांचा हा वाडा पुन्हा उभा राहिला. माझ्या फोटोत मात्र तो प्रत्येक दिव्यातून निघालेल्या लांबलचक रेघांमागे गुदमरलेला असतो, आणि कोणाच्या तरी तोंडावर एक हिरवा ठिपका बसलेला असतो. पाहुण्यांचं निदान तयार असतं: "फोन बदल आता."

फोनचा दोष नसतो, दोष गराडूचा असतो. हिवाळ्यात गरमागरम तळलेला हा कंद, वर जीरावन मसाला आणि लिंबू; तो खाल्लेलीच बोटं फोन काढताना मागच्या काचेवरून फिरतात. तेलाचा पुसट थर बसतो आणि बोट ज्या दिशेने फिरलं त्याच्या काटकोनात उजेड फाकतो. बोट आडवं फिरलं की रेघा उभ्या. म्हणून आमच्याकडे खाणाऱ्याने फोटो काढायचा नाही असा नियम करून पाहिला. सराफ्यात न खाणारा माणूस मिळेना. शेवटी मावशीच्या सुती पदराने काच पुसली आणि रेघा गेल्या. कॅमेऱ्यावर चिकटवलेली जादा काचही नखाने उचकटून काढली. ती लावताना दुकानदार म्हणाला होता, "भिया, लेंस सेफ रहेगा." लेन्स सेफ होती, पण दिव्यांना परावर्तन पावायला आणखी दोन पृष्ठभाग मिळाले होते.

राहिला तो हिरवा ठिपका. हा कशानेही पुसला जात नाही, कारण तो काचेच्या आतला कारभार आहे. फोनच्या इवल्याशा लेन्समध्ये एकावर एक अनेक भिंगं असतात. प्रखर दिव्याचा थोडा उजेड आतल्या सेन्सरवरून उलटतो, भिंगांवर आपटून पुन्हा खाली येतो आणि दिव्याचं एक फिकट भूत फोटोत उमटतं. ते बसतं कुठे? दिव्यापासून फोटोच्या मध्यातून सरळ रेघ ओढा. पलीकडे तेवढ्याच अंतरावर. दिवा वर डावीकडे, तर ठिपका खाली उजवीकडे.

एवढं कळलं की ठिपका कोणाच्या तोंडावर बसवायचा हे फोटो काढणाऱ्याच्या हातात येतं. लग्नघरातल्या मानपानाइतकं हे नाजूक प्रकरण आहे. जावयाच्या नाकावर बसला तर मुलीचं माहेर दुखावतं; वहिनीच्या शालूवर बसला तर शालूची किंमत ऐकावी लागते. लहान मुलांना त्या जागी उभं करावं, तर ती उभी राहत नाहीत.

उपाय आहेत, नाही असं नाही. दिवा चौकटीबाहेर असेल तर लेन्सवर हाताचं छप्पर धरावं. चौकटीत असेल तर तो बरोब्बर मध्यात घ्यावा, म्हणजे ठिपका दिव्यावरच पडतो. पण मग राजवाडा बाजूला आणि खांब मधोमध. सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे दिवा कोणाच्या तरी आड लपवणं. त्याला उंच माणूस लागतो, म्हणजे आमचे काका.

"काका, अर्धं पाऊल डावीकडे. अजून थोडं. बास!"

दिवा टकलामागे गेला आणि काकांच्या मस्तकाभोवती तेजोवलय उगवलं. काका खूश. दुसऱ्या एका दिव्याचा ठिपका मात्र मावशीच्या भुवईवर येऊन बसला. "यांना तेज आणि मला शेवाळ?" असं म्हणून तिने फोन हातातून घेतला. हल्ली फोनमध्येच नको ते पुसायची सोय असते. तिने ठिपक्यावर बोट फिरवलं, फोनने ठिपका पुसला आणि शेजारचं कुंकूही पुसून कपाळ लख्ख केलं. आपलं तेज पाहण्यात गुंग असलेल्या काकांनी तोच फोटो घाईघाईने घरच्या ग्रुपवर टाकला.

नागपूरच्या आत्यांकडून लगेच जोडलेले हात आले. पाठोपाठ, "कधी झालं?"

काकांनी स्वतःच उत्तर लिहिलं, "आत्ताच. पुन्हा सराफ्यात चाललोय, दहीवडा राहिलाय."