चौथा खड्डा

परड्यात पत्र्याची एक छोटी शेड टाकायची होती, बंब, जळण आणि माझी जुनी स्कूटर राहील एवढीच. चार पाइप, वर पत्रा. गवंडी मामा बघून गेले, दोन माणसांची एक दिवसाची हजेरी सांगितली, आणि मी, ज्याने आयुष्यात कुंडीपेक्षा मोठं काही भरलेलं नाही, म्हणालो बघतो, कळवतो. बायको म्हणाली कळव ना मग. म्हटलं चार खड्डे आहेत फक्त, त्यात माल ओतायचा, त्याला कसली हजेरी. हे वाक्य तिने अजून जपून ठेवलंय.

शनिवारी खोदाई. आमच्या साताऱ्यातल्या परड्याची माती वरून मऊ काळी दिसते पण फूटभर खाली गेलं की मुरूम, मग पहार खणखण वाजते आणि मुंग्या कोपरापर्यंत येतात. माप ठरलेलं, दोन बाय दोन, अडीच फूट खोल. शेजारचे नाना कुंपणापलीकडे खुर्ची टाकून बसलेले. त्यांचं म्हणणं अजून फूटभर खाली जा, कारण १९६७ चा कोयनेचा भूकंप त्यांनी पाटणला असताना बघितलाय. म्हटलं नाना, पत्र्याची शेड आहे, कोयनेचं धरण नाही. तर म्हणे धरण उभंच राहिलं रे, घरं पडली.

मग हिशोब, हा आपला प्रांत. प्रत्येक खड्ड्यात खाली एक फूट काँक्रीट, म्हणजे चार खड्ड्यांचं १६ घनफूट. सिमेंट, वाळू, खडी यांचं प्रमाण एकास दोनास चार, एकूण सात भाग, म्हणून सोळाला सातने भागलं, सिमेंट आलं सव्वादोन घनफूट. ५० किलोची गोणी साधारण सव्वा घनफुटाची, म्हणजे दोन गोण्या बास, वर थोडं उरेलच. एक्सेलमध्ये त्या दोनच्या आकड्याला हिरवा रंगसुद्धा दिला. वाळूवाला मात्र ब्रासच्या खाली बोलेना, आणि ब्रास म्हणजे १०० घनफूट, मला हवी पाच घनफूट वाळू आणि दहा घनफूट खडी. शेवटी अर्ध्या अर्ध्या ब्रासवर तुटलं. दारात दोन डोंगर झाले आणि गल्लीतल्या सगळ्या मांजरांची सोय झाली.

रविवारी सकाळी माल कालवायला घेतला. सुकं नीट मिसळलं, मधे आळं केलं, पाणी ओतलं, आणि आळं नानांच्या बाजूने फुटलं. नाना पाय वर घेऊन म्हणाले, हे धरण काय टिकलं नाय बघ. गोणीला पंचवीसेक लिटर पाणी, त्याच्या फार वर गेलं की काँक्रीटची ताकद जाते, हे मी वाचलेलं होतं हो, पण फावडं मारताना माल जड लागतो आणि तांब्याभर पाणी घातलं की हलका होतो, आणि त्या क्षणी ताकदीची गरज काँक्रीटपेक्षा मला जास्त होती. पहिला माल आमटीसारखा झाला.

त्या आमटीत पाइप काही उभा राहीना. आधीच लाकडाचे टेकू लावून ठेवायचे असतात हे आता माहितीय. मग मी स्वतःच टेकू झालो, पाऊण तास पाइपला मिठी मारून, मे महिन्याच्या उन्हात. आई ताक घेऊन आली, जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, अंतरपाट धरू का?

तिसरा खड्डा जेमतेम भरला आणि सिमेंट संपलं. वाळूचा डोंगर तसाच, खडीचा डोंगर तसाच, सिमेंट शून्य. खडीच्या फटीत वाळू जाते, वाळूच्या फटीत सिमेंट, त्यामुळे ओलं झालं की सगळं बसतं आणि सुका माल दीडपट धरावा लागतो, म्हणजे गोण्या तीन. हे पाट्या टाकणाऱ्या पोरालाही माहीत असतं, एक्सेलला नसतं. रविवार दुपार, दुकान बंद. चारच्या सुमाराला वळीव आला. तिन्ही खड्ड्यांवर ताडपत्री टाकून चार टोकांवर विटा ठेवेपर्यंत चौथा काठोकाठ भरला होता, पाण्याने.

सोमवारी मामांना फोन केला. एका खड्ड्याचे किती? त्यांनी आकडा सांगितला, चार खड्ड्यांचा सांगितला होता तोच. म्हटलं मामा, एकच आहे ओ. म्हणाले, "खड्डा एक असू द्या का चार, हजेरी ती हजेरी. आन् पाणी उपसायचं बी हाय."

आले, पाणी उपसलं, टेकू लावले, तासा-दीड तासात ओतून मोकळे. मग हात धुऊन माझ्या तीन पाइपांकडे गेले. पहिल्याला ओळंबा लावला, एक डोळा मिटून खालीवर बघितलं. दुसऱ्याला लावला. तिसऱ्याला लावलाच नाही, नुसतं बघितलं. दोरी गुंडाळली, ओळंबा पिशवीत टाकला आणि आईला म्हणाले, "च्या टाका वहिनी."