‘सगळेच लावतात’ हे कारण आता बास!

नळाच्या लाइनला थेट मोटार लावणाऱ्याला मी शेजारी म्हणायचं सोडून दिलंय. कोणाला राग येणार असेल तर येऊ दे, मलाही आलाय.

आमच्या गल्लीत पाणी दिवसाआड येतं, तेही पाऊण तास. व्हॉल्वमनने चावी फिरवली की आधी पाइपातली हवा सुसू करत निघते आणि धार लागायच्या आत गल्लीभर मोटारींची घरघर सुरू. सुरुवातीच्या घरांच्या गच्चीवरच्या टाक्या भरून वाहतात, पन्हाळीतून पाणी गटारात पडतं. शेवटच्या टोकाला आम्ही करंगळीएवढ्या धारेखाली घागर लावून बसतो. शेजारच्या आजींकडे मोटार नाही, घ्यायची ऐपतही नाही. पाणी गेलं की सत्तरी ओलांडलेली ती बाई बादली घेऊन दुसऱ्यांच्या दारात उभी राहते. आपल्याच वाट्याचं पाणी मागायला!

विचारायला गेलं तर दारोदार एकच उत्तर. "अहो ताई, सगळेच लावतात. मी एकट्याने काढून काय होणार?"

मोटार पाणी तयार करत नाही हो! लाइनमध्ये जेवढं सुटलंय तेवढंच आहे. एकाने मोटार लावली, त्याला जास्त मिळालं. शेजाऱ्याचं कमी झालं म्हणून त्यानेही लावली. आता बहुतेकांकडे आहे, म्हणजे त्यांची आपसातली वाटणी पुन्हा जवळपास होती तिथेच आली, वर विजेचं बिल वाढलं, आणि ज्याच्याकडे मोटार नाही तो मेला. तरी शहाणपण नाही, काहींनी अर्ध्या एचपीची काढून एकची बसवली! शिवाय इतक्या जणांनी ओढलं की पाइपातला दाब पडतो आणि फुटक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत खेचलं जातं. तेच सगळ्यांच्या घरात येतं, मोटारवाल्यांच्याही. लेकरांना जुलाब झाले की शिव्या मात्र नगरपालिकेला.

१९५० साली अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेतल्या फ्लड आणि ड्रेशर या गणितज्ञांनी हाच पेच मांडला होता. समोरचा दगा देईल या भीतीने दोघेही दगा देतात आणि दोघेही तोट्यात जातात. टकर या गणितज्ञाने त्याला दोन कैद्यांची गोष्ट जोडली: साथीदाराविरुद्ध कबुली द्यायची की गप्प राहायचं, हे प्रत्येकाने एकट्याने ठरवायचं. पण ते कैदी वेगवेगळ्या कोठड्यांत होते, त्यांना एकमेकांशी बोलता येत नव्हतं. आपल्याला कोणी कोंडलंय? गणपतीची वर्गणी, मांडवाची जागा, जेवणाचा मेनू, सगळं आपण एका कट्ट्यावर बसून ठरवतो. पाण्याचा विषय निघाला की सगळ्यांना घरची कामं आठवतात.

कारण वाईटपणा कोणी घ्यायचा! खरं दुखणं हे आहे. पहिल्या मोटारीच्या वेळीच चार जण त्या दारात गेले असते तर दुसरी लागली नसती. पण जो बोलेल त्याचे संबंध बिघडणार, आणि पाणी मिळालं तर ते सगळ्यांना मिळणार. म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. फेर आणि गेख्टर या अर्थशास्त्रज्ञांनी माणसांना खरे पैसे देऊन सामाईक वर्गणीचा खेळ खेळायला लावला: वर्गणी ज्याने त्याने हवी तेवढी द्यायची, फायदा मात्र सगळ्यांना सारखा. दंड नव्हता तोवर फेरीगणिक लोक हात आखडता घेत गेले. फुकट्याला दंड करायची मुभा मिळाली तशी वर्गणी वाढली, आणि दंड करणाऱ्याला त्यासाठी पदरचे पैसे मोजावे लागत होते! म्हणजे पदरमोड करून वाईटपणा घेणारी माणसं असतात. आमच्या गल्लीत ती कुठे लपलीत?

आणि "आपल्या लोकांना हे जमायचं नाही" असं तर मला सांगूच नका. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम नद्यांवर शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं फड पद्धतीने पाणी वाटून घेतलं. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, माणसं त्यांनीच नेमलेली. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. पाणी घरातल्या माणसांच्या संख्येवर, जमिनीच्या एकरांवर नाही. भूमिहीनालाही वाटा, ऊस बंद. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते असल्याच व्यवस्थांच्या अभ्यासासाठी. दुष्काळी गावातल्या शेतकऱ्यांना जे जमलं ते पक्क्या घरात राहून, दारात गाड्या लावून आपल्याला जमत नाही?

एकट्याने काढायची भीती वाटते ना? मग सगळ्यांनी एकाच दिवशी काढा, येत्या रविवारी, एकमेकांसमोर. पाणी सुटलं की दोघांनी गल्लीतून फेरी मारायची. घरघर ऐकू आली की दार वाजवायचं. पहिल्यांदा नुसतं सांगायचं, दुसऱ्यांदा दंड, आणि तो मंडळाच्या फलकावर नावासकट लिहायचा. पहिल्या फेरीला मी येते. वाईटपणा माझ्या नावावर लावा, मला चालेल. दुसरं कोण येतंय तेवढं आजच सांगा.