तांदळाच्या दाण्याएवढी

आमच्या आईचे म्हणणे अगदी साधे होते. "या दिव्यात तांदळातला खडा दिसत नाही रे," एवढेच ती म्हणाली. त्या वेळी मी घरात नसतो, तर बायकोने कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी ट्यूब आणली असती आणि प्रकरण दहा मिनिटांत मिटले असते. दुर्दैवाने मी घरात होतो, नुकताच चहा घेतलेला होता, आणि बारावीला भौतिकशास्त्रात बरे गुण मिळवून पुढची सारी हयात विम्याच्या फायली हलवण्यात घालवलेल्या माणसाच्या अंगात अधूनमधून जो शास्त्रज्ञ संचारतो, तो नेमका त्याच क्षणी संचारला.

मी आईला समजावून सांगितले की दोष तिच्या डोळ्यांचा नसून दिव्याच्या 'सीआरआय'चा आहे. वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचे हे गुण असतात. जुन्या तारेच्या बल्बला त्यात १०० पैकी १०० मिळतात, तर बाजारातल्या बहुतेक एलईडींना ८० च्या आसपास. "ऐंशी म्हणजे चांगलेच आहेत की," आई म्हणाली. तुला बारावीला इतके नव्हते, हे तिने बोलून दाखवले नाही, पण मला ते ऐकू आले. मी जाहीर केले की ९० च्या वर गुण असलेली ५० वॅटची एलईडी चिप आणून मी स्वतः दिवा बांधीन आणि तो वीस वर्षे टिकेल.

दुसऱ्या दिवशी मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. या गल्लीत तपकीर सोडून विजेचे सर्व काही मिळते. दुकानदाराने माझ्या चष्म्याकडे, हातातल्या यादीकडे आणि पायातल्या चपलांकडे एकेकदा पाहिले आणि विचारले, "चिप एक देऊ का दोन?" मी ताठ मानेने एक म्हणालो. त्याने निमूटपणे दोन बांधल्या. त्या गृहस्थाला माणसांची जी पारख होती, तिची मला चार दिवसांनी फार आठवण आली.

घरी आल्यावर मी सामान जेवणाच्या टेबलावर मांडले आणि शब्दांचा घोळ सुरू झाला. "हा होल्डर," मी म्हणालो. "मग बल्ब कुठाय?" आईने विचारले, कारण तिच्या लेखी होल्डर म्हणजे ज्यात बल्ब दाबून फिरवतात तो. हा होल्डर म्हणजे चिपला उष्णताशोषकावर, म्हणजे हीटसिंकवर, दाबून धरणारी पांढरी प्लॅस्टिकची चौकट; तिच्यातल्या स्प्रिंगच्या पट्ट्या चिपच्या कडेच्या टिकल्यांवर टेकतात आणि वायर नुसती आत खुपसली की काम होते. "आणि हा ड्रायव्हर," मी पुढे म्हणालो, तेव्हा बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आधी गाडी तरी घ्या." हा ड्रायव्हर म्हणजे चिपला ठरावीक प्रवाह पुरवणारा डबा. तो ठेवलेल्या जागी सापडत असे. त्याच नावाचा स्क्रूवाला मात्र पुढचे चार दिवस हवा तेव्हा कधीच सापडला नाही.

ती चिप दिसायला मोठी गोड होती. कॅरमच्या सोंगटीएवढी चौकोनी चकती आणि तिच्या मधोमध केशरी पेढ्यासारखा पिवळा गोल. त्या पिवळ्या थराखाली निळ्या प्रकाशाचे डझनावारी बारीक एलईडी शेजारी शेजारी चाळकऱ्यांसारखे दाटीवाटीने बसवलेले असतात. निळ्यातला काही प्रकाश पिवळ्या थरात रंग बदलतो, काही तसाच बाहेर येतो, आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरा दिसतो. त्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पिवळ्या भागाला बोट लावायचे नाही, कारण आतल्या केसाहून बारीक तारा दाबाने तुटतात. मला लहानपणची गॅसबत्ती आठवली. तिचे जाळीदार मेंटल एकदा पेटले की नुसती राख होऊन लटकत असे, आणि आजोबा आम्हा मुलांना दहा फुटांवर बसवत. आजोबांचा तोच नियम मी घरात जारी केला आणि तो सर्वांत आधी मीच मोडला, पण ते पुढे येईल.

मुळात एवढा खटाटोप कशासाठी, असे बायकोने विचारले तेव्हा मी तिला उष्णतेचे गणित सांगितले. तारेचा बल्ब आपली बहुतेक उष्णता किरणांवाटे समोर फेकून मोकळा होतो. एलईडी तसे करत नाही. समोर प्रकाश पाठवतो आणि ताप पाठीमागे साठवतो. पन्नास वॅटमधल्या निम्म्याहून जास्त वॅटांची उष्णता त्या सोंगटीएवढ्या चकतीत तयार होते. साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते, म्हणजे चिपच्या पाठीला एक पेटते सोल्डरिंग आयर्न कायमचे टेकवून ठेवल्यासारखेच हे झाले. ही उष्णता मागच्या हीटसिंकच्या अॅल्युमिनियमच्या पंखांत उतरली नाही, तर वीस वर्षे सोडाच, वीस मिनिटेही दिवा टिकणार नाही. "समोर हसायचं आणि मागे धुमसायचं," बायको म्हणाली. "ओळखीचं वाटतंय." मी कोणाविषयी ते विचारले नाही.

हीटसिंकला भोके नव्हती. शेजारच्या काकांनी तीस वर्षे कारखान्यात फिटरचे काम केले आहे आणि निवृत्तीनंतर ते चुकणाऱ्या माणसांच्या शोधात असतात. ड्रिलचा पहिला आवाज ऐकताच ते बनियनवर आले. तीन मिलिमीटरच्या स्क्रूसाठी तीन मिलिमीटरचे भोक पाडायचे, हे माझे तर्कशास्त्र त्यांनी ऐकून घेतले आणि कपाळाला हात लावला. "अहो, मग आटे कशात पाडणार? हवेत? अडीचचं भोक पाडा." त्यानंतर आटे पाडण्याचा टॅप माझ्या हाती देऊन त्यांनी मंत्र सांगितला: पुढे अर्धा फेरा, मागे पाव फेरा, आणि मधूनमधून रॉकेलचा थेंब. वारीतल्या पावलीप्रमाणे पुढे-मागे करत करत पहिल्या भोकात मी सुखरूप तळाला पोहोचलो. दुसऱ्या भोकाच्या वेळी आत्मविश्वास आला, मागे येण्याची गरज वाटेनाशी झाली, आणि कट्‌ असा आवाज होऊन टॅपचा अर्धा भाग अॅल्युमिनियममध्ये कायमच्या वस्तीला गेला. काका काही बोलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान मात्र मी विसरणार नाही. मग हीटसिंक नव्वद अंशांत फिरवून नव्याने दोन भोके पाडली, त्यांच्या तोंडाशी उठलेली धातूची कुसळे मोठ्या ड्रिलने हलकेच काढली, आणि स्टीलची पट्टी उभी धरून पृष्ठभाग सपाट असल्याची खात्री करून घेतली.

आता पेस्ट, म्हणजे चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावायचा उष्णता वाहून नेणारा लेप. चिपची पाठ आणि हीटसिंकचे तोंड हे दोन्ही डोळ्यांना आरशासारखे सपाट दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली तो सह्याद्री असतो. दोन सह्याद्री एकमेकांवर ठेवले तर शिखरे शिखरांना टेकतात आणि दऱ्यांत हवा अडकते. हवेतून उष्णता जवळजवळ जातच नाही. तिची उष्णतावाहकता ०.०२६ आणि अॅल्युमिनियमची २०० च्या घरात. सिलिकॉन तेलात झिंक ऑक्साइड मिसळून केलेल्या साध्या पांढऱ्या पेस्टचा आकडा १ च्या आसपास असतो. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा चाळीसेक पट बरी, पण धातूपेक्षा शेकडो पटींनी वाईट. ती दऱ्या बुजवण्यापुरतीच हवी. शिखरांच्या वर तिचा थर चढला, तर उपायच अपाय होतो. हे सारे मी वाचले होते, मला पटले होते, आणि तरीही नळी हातात येताच माझ्यातला यजमान जागा झाला. पाहुण्याच्या भातावर तूप वाढताना हात आखडता घेणे हे आमच्या घरात बसत नाही. मी सढळ हाताने वाढले.

होल्डर ठेवून मी उजवीकडचा स्क्रू शेवटपर्यंत आवळला आणि मग डावीकडच्याकडे वळलो. पेस्ट चारही बाजूंनी दिवाळीतल्या करंजीच्या सारणासारखी बाहेर आली. ती होल्डरच्या पट्ट्या आणि चिपच्या टिकल्या यांच्यामध्ये शिरली, आणि ही पेस्ट वीज वाहून नेत नसल्यामुळे दिवा लागेना. मी डावा स्क्रू आणखी आवळला. टिच्‌ असा आवाज झाला. तो आवाज इतका लहान होता, की झाला नाही असे मी काही क्षण स्वतःला पटवू शकलो. चिपची पाठ चिनी मातीच्या जातीची असते. एका बाजूने दाबून दुसरी बाजू वर उचलली की ती बशीसारखी तडकते. गांगरून मी चकती उचलायला गेलो तो अंगठा नेमका पिवळ्या गोलावर पडला, आणि गॅसबत्तीच्या वेळी दहा फुटांवर का बसवत असत, हे चाळीस वर्षांनी मला पूर्ण उमगले.

पेस्ट तर घरभर झाली. तिचा एक गुण असा, की जिला स्पर्शही केला नाही अशा वस्तूवर ती आढळते. फ्रिजच्या दांड्यावर, दाराच्या कडीवर, चष्म्याच्या काडीवर पांढरे ठिपके उमटले. बायकोने ते आधी दही समजून ओल्या फडक्याने पुसले, त्यामुळे ठिपक्यांचे पट्टे झाले. शेवटी काकांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणून दिली. तिच्या वासाने घराला दवाखान्याची कळा आली आणि खालच्या मजल्यावरून कोणीतरी कोण आजारी आहे म्हणून चौकशी केली.

दुसरी चिप हातात घेण्यापूर्वी मी शुचिर्भूत झालो. या वेळी माप चुकवायचे नव्हते. जाणकार सांगतात की अशा चिपला पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. पण कोणत्या तांदळाच्या, हे कोणी सांगत नाही. बासमतीचा दाणा आणि आंबेमोहोराचा दाणा यांत केवढा फरक! आई तेव्हा शेजारीच ताट घेऊन बसली होती आणि ताटात मुळशीचा आंबेमोहोर होता. मी त्यातला एक दाणा उचलला, हीटसिंकवर मधोमध ठेवला, त्याच्या शेजारी तेवढाच थेंब काढला, डोळे बारीक करून दोन्हींची तुलना केली आणि दाणा परत ताटात टाकला. जुन्या एटीएम कार्डाने तो थेंब इतका पातळ पसरला की खालचा धातू अंधूक दिसत राहिला. चिप ठेवून किंचित डावी-उजवीकडे फिरवली. मग होल्डर ठेवून काकांच्या देखरेखीखाली एक वळसा उजवीकडे, एक वळसा डावीकडे, असे आळीपाळीने आणि नुसत्या बोटांच्या जोराने दोन्ही स्क्रू बसवले. ड्रायव्हर जोडायलाही घाई केली नाही. तो आधी चालू करून मग चिपला जोडला तर साठलेल्या विद्युतदाबाचा झटका बसून चिप जाऊ शकते, म्हणून सर्व जोडण्या आधी आणि बटण शेवटी.

बटण दाबले आणि जेवणघरात दुपार झाली. पन्नास वॅटांतून पाच हजारांच्या आसपास ल्युमेन प्रकाश येतो, म्हणजे साठ वॅटचे सहा-सात जुने बल्ब एका सोंगटीत. भिंतीवरची जाळी, छताला गेलेला तडा आणि माझ्या सदऱ्यावरचे पांढरे ठिपके एकदमच प्रकाशात आले. अर्ध्या तासाने काकांनी हीटसिंकवर तळवा ठेवून संथपणे एक ते दहा मोजले आणि हात काढताना फक्त "हं" म्हणाले. तीस वर्षांच्या फिटरकडून याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळत नाही. दिवा टेबलावर टांगला, त्यावर दुधी काचेचे झाकण बसवले, आणि आईला बोलावले.

ती ताट घेऊन बसली. बराच वेळ बोटे तांदळातून सरकत राहिली. तिने एक खडा काढला, मग दुसरा, मग एक साळ. मी शेजारी उभा राहून श्वास रोखून पाहत होतो. तिसऱ्या खेपेला तिने चिमटीत एक दाणा धरला, उजेडाकडे नेला, बोटांत जरा चोळला, आणि तो हातातून निसटून पुन्हा ताटात जाऊन पडला.

"अरे," ती बोटांवरचा पांढरा डाग दिव्याखाली निरखत म्हणाली, "हा तांदूळ कशाने माखलाय?"