चाळीस डॉलरचे वीस झालेच नव्हते

एखाद्या मोठ्या गेमच्या एक्सपान्शनची (मूळ गेमला वेगळे पैसे देऊन जोडायच्या नव्या भागाची) किंमत जाहीर झाली की मुंबईतल्या गेमिंग ग्रुपांवर एक मराठी मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: २०१५ मध्ये 'डेस्टिनी' या ऑनलाइन गेमच्या डेव्हलपरने मुलाखतीत सांगितलं की फॅन्स आमच्या एक्सपान्शनसाठी स्क्रीनवर पैसे फेकतील. त्या एक्सपान्शनला अख्ख्या गेमची किंमत लावली होती. फॅन्सनी बहिष्कार टाकला, कंपनी घाबरली आणि ४० डॉलरची किंमत २० वर आली. म्हणून आपणही बहिष्कार टाकावा, आणि तोवर लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड डिस्क किंवा कुठूनतरी स्वस्त कोड घ्यावा, कारण भारतात नाहीतरी दुप्पट लुटतात.

गेमचं नाव बरोबर आहे, साल बरोबर आहे, फॅन्सचा संतापही खरा होता. हिशेब मात्र जवळजवळ प्रत्येक ओळीत चुकलाय.

पहिला मुद्दा, 'एक्सपान्शनसाठी पैसे फेकतील'. जून २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या गेम-प्रदर्शनाच्या सुमारास 'डेस्टिनी' बनवणाऱ्या बंजी कंपनीचा ल्यूक स्मिथ 'युरोगेमर' या ब्रिटिश संकेतस्थळाशी बोलला. तेव्हा तो 'द टेकन किंग' या एक्सपान्शनचा क्रिएटिव्ह डायरेक्टर होता. पैसे फेकण्याचं वाक्य त्याने उच्चारलं, हे खरं. पण ते एक्सपान्शनबद्दल नव्हतं, इमोट्सबद्दल, म्हणजे गेममधल्या पात्राच्या नाच-हावभावांबद्दल होतं. सर्वांत महागड्या कलेक्टर्स एडिशनमध्ये तीन इमोट, चिलखताचा रंग बदलणारे तीन शेडर आणि अनुभवगुण वाढवणाऱ्या तीन क्लास वस्तू होत्या, आणि त्या इतर कुठल्याच मार्गाने मिळत नव्हत्या. मुलाखतकार विचारत होता की ज्यांच्याकडे गेम आणि आधीची दोन्ही एक्सपान्शन आहेत, त्यांनी एवढ्यासाठी सगळं परत का विकत घ्यायचं? त्यावर स्मिथचं म्हणणं असं की इमोट्सचा व्हिडिओ आत्ता दाखवला तर तुम्ही स्क्रीनवर पैसे फेकाल.

उत्तर उद्धट होतंच, पण त्याहून मोठी गडबड म्हणजे ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरच नव्हतं. मुलाखतकाराने तिथल्या तिथे नेमकं बोट ठेवलं: लोकांना पैसे फेकायचेच आहेत, तक्रार एवढीच की त्यासाठी आधीच घेतलेला माल पुन्हा घ्यावा लागतोय.  मजकूर फिरवणारे नेमका हा पुढचा तुकडा गाळतात, आणि त्यामुळे भांडण कशाचं होतं तेच हरवतं.

भरपेट थाळी जेवलेल्या माणसाने वर एक वाटी श्रीखंड मागावं आणि मालकाने म्हणावं की श्रीखंड फक्त नव्या थाळीबरोबर मिळेल, असा तो प्रकार होता. श्रीखंड गोड आहे हे मालकाने कितीही पटवलं तरी गिऱ्हाइकाची तक्रार तिथेच राहते.

'अख्ख्या गेमची किंमत लावली' हा दावा कुठल्या देशाबद्दल चाललाय त्यावर खराखोटा ठरतो. अमेरिकेत 'डेस्टिनी' सप्टेंबर २०१४ मध्ये ६० डॉलरला आला आणि 'द टेकन किंग' ४० डॉलरला. म्हणजे दोन तृतीयांश. ब्रिटनमध्ये एक्सपान्शन ४० पौंडांना लागलं, आणि मूळ गेमही तिथे ४० पौंडांना मिळत होता, म्हणून ब्रिटिश मुलाखतकाराने तो मुद्दा काढला. यावर किंमतवाढीची बाजू घेणारे सांगतात की ब्रिटनच्या किमतीत कर धरलेला असतो. असतो, २० टक्के व्हॅट. तो काढला तर ४० पौंडांचे ३३.३३ उरतात. तेव्हाच्या सुमारे १.५७ च्या दराने त्याचे होतात ५२ डॉलर. अमेरिकेची ४० डॉलरची किंमत कर धरण्याआधीची आहे, त्यामुळे कर बाजूला ठेवूनही ब्रिटिश खेळाडू १२ डॉलरच्या आसपास जास्त देत होता. त्यांची ओरड रास्त होती. आपण मात्र त्यांचं वाक्य उचलून डॉलरच्या आकड्याला चिकटवलं.

४० डॉलर हा आकडा स्वतःहून भयंकर होता का? त्याच काळातली उदाहरणं घ्या. 'डायब्लो ३'चं 'रीपर ऑफ सोल्स' मार्च २०१४ मध्ये ४० डॉलरला आलं, 'फायनल फॅंटसी १४'चं 'हेवन्सवर्ड' जून २०१५ मध्ये ४० ला, तेही मासिक वर्गणी वेगळी. उलट 'विचर ३'ने 'हार्ट्स ऑफ स्टोन' १० डॉलरला आणि 'ब्लड अँड वाइन' २० ला दिलं. फॅन्स तेव्हापासून हीच काठी प्रत्येकाच्या पाठीत घालत आलेत. पण 'विचर' एकट्याने खेळायचा गेम आहे. 'डेस्टिनी'त दर आठवड्याचे उपक्रम, मॅचमेकिंग (खेळाडूंच्या जोड्या लावणं), शस्त्रं-वस्तूंच्या ताकदीचा तोल हे सगळं वर्षभर चालू ठेवावं लागतं. म्हणून दोन्हींची किंमत तासांच्या गणिताने तोलणं फसवं आहे. 'टेकन किंग'मध्ये ड्रेडनॉट हे नवं ठिकाण, पात्रांचे तीन नवे सबक्लास (उपप्रकार), 'किंग्ज फॉल' ही रेड (गटाने खेळायची अवघड मोहीम) आणि ३४ वरून ४० वर गेलेली लेव्हलची मर्यादा होती. ४० डॉलर जास्त वाटू शकतात. फसवणूक म्हणण्याइतके ते नव्हते.

खरी फसगत कुठे होती ते पुढच्या आकड्यांत दिसतं, आणि 'किंमत निम्मी झाली' हा दावाही तिथेच पडतो.

कंपनीने तीन पर्याय ठेवले होते. नुसतं एक्सपान्शन ४० डॉलर. लेजंडरी एडिशन ६० डॉलर, त्यात मूळ गेम, 'द डार्क बिलो' आणि 'हाउस ऑफ वुल्व्ज' ही आधीची दोन एक्सपान्शन आणि 'टेकन किंग'. कलेक्टर्स एडिशन ८० डॉलर, म्हणजे लेजंडरीतलं सगळं आणि वर ते इमोट, शेडर, क्लास वस्तू.

आता नवा खेळाडू बघा. ६० ला सगळं, ८० ला वरची सजावटही. सजावटीचा भाव पडला २० डॉलर. जुना खेळाडू बघा. त्याने ६० चा गेम आणि आधीच्या दोन्ही एक्सपान्शनचा ३५ चा पास घेतलेला, म्हणजे ९५ आधीच गेलेत. त्याला सजावट नको असेल तर आणखी ४०. सजावट हवी असेल तर ८० चीच पेटी. म्हणजे त्याच तीन इमोटांचा भाव त्याला ४० डॉलर. एकूण खर्च १७५, त्यातला ९५ चा माल दोनदा.

संताप उसळल्यावर काही दिवसांतच स्मिथने लिहून माफी मागितली. आपली मुलाखत बाहेरून वाचताना वाईट वाटली, बंजीला सर्वांत निष्ठावान खेळाडूंची पर्वा नाही असा अर्थ त्यातून निघत होता, असं त्याने म्हटलं. त्याबरोबर जाहीर झालं की कलेक्टर्स एडिशनमधल्या गेमच्या आतल्या वस्तू वेगळ्या २० डॉलरला मिळतील. मजकुरातले 'वीस' ते हे. एक्सपान्शन ४० डॉलरचंच राहिलं. जुन्या खेळाडूचा सगळा मिळून खर्च १७५ वरून १५५ वर आला, आणि सजावटीचा भाव नव्या-जुन्याला सारखाच झाला. तक्रार जितकी नेमकी होती तितकंच नेमकं ते उत्तर होतं. लोक नुसतं 'महाग, महाग' ओरडत बसले असते तर कंपनीने मूल्याचं एक गुळगुळीत निवेदन काढून विषय संपवला असता. किमतीच्या थेट प्रश्नाला मुलाखतीतही तसंच उत्तर मिळालं होतं.

बहिष्काराचं म्हणाल तर तो झालाच नाही. १५ सप्टेंबर २०१५ ला एक्सपान्शन आलं आणि प्रकाशक ॲक्टिव्हिजनने जाहीर केलं की प्लेस्टेशनच्या तोवरच्या इतिहासात पहिल्याच दिवशी सर्वाधिक डाउनलोड झालेला हाच गेम. शिव्या घालणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी तो घेतला असणार. जुन्यांना काहीच दिलं नाही असं कुणी म्हणत असेल तर तेही चूक: पहिल्या वर्षीच्या खेळाडूंना एक स्पॅरो (गेममधलं वाहन), एक चिन्ह आणि एक शेडर मिळाला. भरघोस नव्हतं, पण शून्यही नव्हतं.

गंमत म्हणजे या मजकुरात खऱ्या तक्रारी आलेल्याच नाहीत. एक्सबॉक्सवाल्यांनी तेच ४० डॉलर मोजले, पण 'एको चेंबर' ही स्ट्राइक (छोटी गट-मोहीम) प्लेस्टेशनपुरती राखून ठेवली होती, निदान २०१६ च्या शरद ऋतूपर्यंत. प्लेस्टेशनशी असा करार झालेला असताना किंमत दोघांना एकच का, हे विचारायला हवं होतं. आणि नंतरची गोष्ट तर याहून गंभीर. नोव्हेंबर २०२० मध्ये 'डेस्टिनी २'मधून 'रेड वॉर' ही मूळ मोहीम आणि पहिली दोन एक्सपान्शन काढून टाकली, फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फोरसेकन'ची मोहीमही. लोकांनी पैसे देऊन घेतलेला माल गेममधून गेला. एक्सपान्शनच्या किमतीवर वाद घालायचा तर हा दाखला समोर ठेवा; ४० डॉलरच्या आकड्यापेक्षा त्यात कितीतरी जास्त दम आहे.

आता आपल्याकडचं. 'भारतात दुप्पट' हे तपासायला मिनिटभर पुरतं. भारतीय स्टोअरवरच्या रुपयातल्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. त्या किमतीला १.१८ ने भागा, मग त्या दिवसाच्या डॉलरच्या दराने भागा, आणि आलेला आकडा अमेरिकेच्या किमतीशी ताडून बघा. डॉलर ८५ रुपये धरला तर ४० डॉलरचे ३,४०० होतात आणि करासकट ४,०१२. भारतातली किंमत त्याच्या खाली असेल तर आपण अमेरिकेपेक्षा स्वस्त घेतोय. वर असेल तर तक्रार करा, पण हा आकडा हातात ठेवून. २०१५ मध्ये चित्र वेगळं होतं. परदेशातून थेट ग्राहकाला विकलेल्या डिजिटल मालावरचा कर भारतात १ डिसेंबर २०१६ पासून लागला. २०१५ च्या मध्याला डॉलर ६४ च्या आसपास होता, म्हणजे ४० डॉलरचे २,५६०. डॉलरमध्ये पैसे भरले तर बँकेचा साडेतीन टक्के परकीय चलन आकार आणि त्यावरचा सेवाकर मिळून शंभरेक रुपये वर. दुप्पट कुठेच होत नाही.

राहिला सेकंडहँड डिस्क आणि स्वस्त कोडचा सल्ला. मजकुरातला सर्वांत महाग पडणारा भाग हाच.

पीएस-फोरची (प्लेस्टेशन ४ ची) डिस्क कुठल्याही देशातली असो, कन्सोलवर चालते. एक्सपान्शन चालेलच असं नाही. डीएलसीचा (एक्सपान्शनसारख्या डाउनलोड करायच्या भागाचा) आणि डिस्कचा रीजन, म्हणजे विक्रीचा प्रदेश, जुळावा लागतो. ग्रँट रोडला किंवा मनीष मार्केटात अमेरिकेतून आलेली डिस्क स्वस्तात मिळते, गेम सुरू होतो, मग भारतीय खात्यावरून एक्सपान्शन घेतलं की पैसे कापले जातात, फाइल उतरते, पण गेमला ते दिसतच नाही. खात्याचा देश एकदा निवडला की बदलता येत नाही. यावर उपाय आहे: त्याच कन्सोलवर अमेरिकी खातं उघडायचं, अमेरिकी वॉलेट कोडने तिथून एक्सपान्शन घ्यायचं आणि त्या खात्यासाठी कन्सोल 'प्रायमरी' करायचा. मग त्या कन्सोलवरच्या भारतीय खात्यालाही ते वापरता येतं. इमोट-शेडरसारख्या वस्तू मात्र बहुतेक वेळा विकत घेणाऱ्या खात्यालाच मिळतात. एक्सबॉक्सवर रीजनची ही अडचण सहसा येत नाही.

दुसरी अडचण कोडची. मोठ्या एडिशनमध्ये एक्सपान्शन बऱ्याचदा कागदावरच्या कोडने येतं आणि कोड एकदाच वापरता येतो. सेकंडहँड खोक्यावर 'लेजंडरी' छापलेलं असलं तरी आधीच्या मालकाने कोड वापरला असेल तर हातात फक्त मूळ गेम राहतो. दुकानदार 'सगळं आहे आत' म्हणेल आणि खोक्याच्या दृष्टीने ते खरंही असेल. कुठलाही पत्ता नसलेल्या विक्रेत्याचे स्वस्त कोड चोरीच्या कार्डावर घेतलेले निघाले तर ते रद्द होतात, कधी खात्यावरही गदा येते.

काउंटरवर पैसे देण्याआधी एवढं बघा. खोक्याच्या कडेवरचा 'सीयूएसए'ने सुरू होणारा क्रमांक आणि डिस्कवरचा क्रमांक एकच आहे ना. आपल्या खात्याच्या स्टोअरमध्ये तो गेम उघडून त्याच क्रमांकाची आवृत्ती दिसते का, हे फोनवर तपासा. क्रमांक जुळला नाही तर त्या डिस्कवर एक्सपान्शन घेऊ नका. कोडचा कागद खरवडलेला असेल तर किंमत नुसत्या मूळ गेमचीच द्या. आणि एक्सपान्शन स्टोअरवरून घेतलं तर डाउनलोड लगेच सुरू करू नका: प्लेस्टेशन स्टोअर १४ दिवसांत पैसे परत करतं, पण डाउनलोड सुरू झालेलं नसेल तरच. ऑटो डाउनलोड चालू असेल तर ते आधी सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.