चोरी माफ, कर माफ आणि कॅलिफोर्नियात राष्ट्रपती राजवट

माझ्या चुलतभावाला नोकरीच्या दोन ऑफर आल्यात, एक कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेची, एक टेक्सासमधल्या ऑस्टिनची. पगार, घरभाडं, काम काय आहे, हे सगळं ताडून तो ठरवेल असं वाटलं होतं. पण मध्येच कोल्हापुरात काकूंच्या फोनवर एक फॉरवर्ड येऊन आदळला आणि घरात निकाल लागलासुद्धा. ‘कॅलिफोर्निया नको बाई, तिथं चोरी कायदेशीर केलीय म्हणे. टेक्सासला जाऊ दे, तिथं टॅक्सच नाही.’ मी कॅलिफोर्नियात, बे एरियात राहते म्हणून खात्री करायला मला फोन. ‘असलं काही नाहीये काकू’ म्हटलं, तर वर मलाच ऐकवलं, ‘तुम्हाला तिथं राहून कळत नाही गं, इथं सगळं येतं आम्हाला.’

काय येतं, तर हे. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी रातोरात कायदा करून ९५० डॉलरपर्यंतची चोरी कायदेशीर केली, पोलिस चोराला हात लावू शकत नाहीत. राज्य ६८ अब्ज डॉलरच्या तुटीत बुडून दिवाळखोर झालंय. लवकरच तिथं राष्ट्रपती राजवट लागणार. पेनसिल्व्हेनियात तर चार महिने सरकारच बंद होतं. उलट टेक्सासमध्ये शून्य कर आणि चोराला थेट तुरुंग. शेवटी ‘आमदार मात्र कोट्यवधी कमावतात’ आणि हात जोडलेले इमोजी.

चोरीचं आधी घेते, कारण पोरगं जिथं राहायला जाणार तिथं दिवसाढवळ्या लूट चालते या भीतीनंच काकूंची झोप उडालीय.

कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेचं कलम ४५९.५ इंटरनेटवर फुकट वाचता येतं. लांबलचकही नाहीये. दुकान नेहमीच्या वेळेत उघडं असताना चोरीच्या इराद्यानं आत शिरलात आणि मालाची किंमत ९५० डॉलरच्या आत असली, तर तो ‘शॉपलिफ्टिंग’चा गुन्हा, आणि त्याला शिक्षा ‘मिस्डिमीनर’ची, म्हणजे कमी गंभीर गुन्ह्याची. सहा महिन्यांपर्यंत काउंटीचा (जिल्ह्याचा) तुरुंग आणि हजार डॉलरपर्यंत दंड. रक्कम ९५० च्या वर गेली की तीच चोरी ‘फेलनी’ या जास्त गंभीर वर्गात जाऊ शकते. हा आकडा फक्त गुन्ह्याचा वर्ग ठरवतो. ज्याला सहा महिने आत टाकता येतं, ते कृत्य कायदेशीर कसं, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं एकदा समजावून सांगावं.

हाच न्याय लावायचा तर भारतातही चोरी माफ झाली म्हणायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये तरतूद आहे की पाच हजार रुपयांच्या आतली चोरी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. कोल्हापुरात कुणी ‘पाच हजारांपर्यंत उचला, काही होत नाही’ असं म्हणतंय का?

आता तो कडक टेक्सास. तिथं चोरी फेलनी व्हायला रक्कम लागते २,५०० डॉलर. होय, कॅलिफोर्नियाच्या अडीचपटीहून जास्त. २०१५ पर्यंत हा आकडा १,५०० होता, तो तिथल्या रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळानंच वाढवला. आणि १०० डॉलरच्या आतली साधी चोरी असेल तर टेक्सासमध्ये तुरुंग नाहीच, फक्त ५०० डॉलरपर्यंत दंड. ‘चोराला थेट तुरुंग’ म्हणे! सगळ्यात कमी मर्यादा कुठं आहे माहितीये? न्यू जर्सीत, २०० डॉलर. फॉरवर्डवाल्यांच्या हिशोबात तेही ‘बिघडलेलं’ राज्य असणार.

रातोरातचं म्हणाल तर कॅलिफोर्नियातली फेलनीची मर्यादा ४०० डॉलरवरून ९५० झाली ती २०१० मध्ये. तेव्हा गव्हर्नर होते आर्नॉल्ड श्वार्झनेगर, रिपब्लिकन पक्षाचे. जुना आकडा १९८० च्या दशकातला, मध्ये महागाई किती वाढली ते सांगायला नकोच. २०१४ मध्ये ‘प्रपोझिशन ४७’ नावाचा प्रस्ताव थेट लोकांच्या मतदानाला आला आणि सुमारे ६० टक्के मतांनी मंजूर झाला. शॉपलिफ्टिंगचं हे वेगळं कलम त्यातून आलं. न्यूसम तेव्हा लेफ्टनंट गव्हर्नर होते. त्यांचा त्याला पाठिंबा होता, हे खरं. पण गव्हर्नर ते झाले २०१९ मध्ये.

बरं, आता जे कबूल करायला हवं ते करते, नाहीतर काकू म्हणतील ही कॅलिफोर्नियाची वकिली करतेय. इथं दुकानांतल्या चोऱ्यांचा त्रास खरा आहे. आमच्या घराजवळच्या औषधांच्या दुकानात दाढीची पाती, टूथपेस्ट, अंगाचा साबणसुद्धा प्लॅस्टिकच्या पारदर्शक कपाटात कुलूपबंद असतो. बटण दाबायचं, वर घोषणा होते, मग किल्ल्यांचा जुडगा घेतलेला एक पोरगा येतो, कुठला साबण विचारतो आणि तो स्वतःच्या हातानं काउंटरवर नेऊन ठेवतो. साबणासाठी एवढं! आणि कायद्यातही एक भोक होतं. मिस्डिमीनर पोलिसाच्या डोळ्यांदेखत घडला नसेल तर जागेवर अटक करणं अवघड, त्यामुळे पोलिस येईपर्यंत चोर पसार आणि दुकानदार ‘कशाला तक्रार करायची’ म्हणून गप्प. ‘पोलिस हात लावत नाहीत’ ही अफवा या अर्ध्या सत्यावर पोसली गेली.

पण ते भोक बुजवलं गेलं, आणि हे फॉरवर्डमध्ये नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यूसम यांनी दुकानचोऱ्यांवरच्या विधेयकांच्या एका मोठ्या गठ्ठ्यावर सही केली. आता साक्षीदाराचा शपथेवरचा जबाब किंवा कॅमेऱ्यातलं चित्रण असेल तर पोलिसासमोर न घडलेल्या शॉपलिफ्टिंगसाठीही अटक होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात मतदारांनी ‘प्रपोझिशन ३६’ सुमारे ६८ टक्के मतांनी मंजूर केला. आधी दोनदा चोरीत दोषी ठरलेल्यानं तिसऱ्यांदा कितीही रकमेची चोरी केली, तरी फेलनीचा खटला भरता येतो. गंमत म्हणजे न्यूसम यांचा या प्रस्तावाला विरोध होता. लोकांनी गव्हर्नरला बाजूला सारून कायदा कडक केला, आणि फॉरवर्ड अजून २०१४ मध्येच अडकलाय.

तुटीकडे वळू. ६८ अब्जांचा आकडा हवेतला नाही. विधिमंडळाच्या स्वतंत्र विश्लेषक कार्यालयानं डिसेंबर २०२३ मध्ये पुढच्या आर्थिक वर्षासाठी तोच अंदाज दिला होता. पण जेमतेम दीड वर्ष आधी, मे २०२२ मध्ये, याच राज्यानं ९७.५ अब्ज डॉलर शिल्लक असल्याचं जाहीर केलं होतं. एवढा झोका कसा? कॅलिफोर्नियाचं उत्पन्न श्रीमंतांच्या आयकरावर, त्यातही शेअर विकून झालेल्या नफ्यावर फार टेकलेलं आहे. बाजार वर गेला की तिजोरी फुगते, बाजार पडला की रिकामी. त्यात २०२३ च्या हिवाळ्यातल्या वादळांमुळे बहुतेक कॅलिफोर्नियाला आयकर भरायची मुदत नोव्हेंबरपर्यंत वाढवून मिळाली. म्हणजे जूनमध्ये बजेट मंजूर करताना तिजोरीत नेमकं किती येणार हे कुणालाच माहीत नव्हतं.

दिवाळखोरी मात्र शक्यच नाही, कारण अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात राज्यांना ती वाटच नाही. ‘चॅप्टर ९’ आहे तो शहरं, काउंट्या, स्थानिक संस्था यांच्यासाठी. म्हणून २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातलं स्टॉक्टन शहर आणि २०१३ मध्ये डेट्रॉइट त्या दारानं गेलं. राज्याला बजेट जुळवावंच लागतं. व्हरमॉंटचा अपवाद सोडला तर जवळजवळ सगळ्या राज्यांना तसं बंधन आहे. कॅलिफोर्नियानं तूट भरून काढली ती राखीव निधीतून उचल घेऊन, खर्च कापून, काही देणी पुढं ढकलून. २०२५-२६ ला पुन्हा सुमारे १२ अब्जांची तूट आली. तेव्हा, कायदेशीर कागदपत्रं नसलेल्या प्रौढ स्थलांतरितांची ‘मेडी-कॅल’ या आरोग्य योजनेत जानेवारी २०२६ पासून नवी नोंदणी बंद करण्याचं ठरलं. दुखणं जुनं आहे, आणि त्याची किंमत आधी गरिबांनी मोजली. यावर कुणी कॅलिफोर्नियाला झोडपत असेल तर मी त्याच्या बाजूनं बोलेन. खरी नाचक्की हवीच असेल तर २००९ घ्या. तेव्हा राज्याकडे रोकड नव्हती आणि करपरताव्याच्या चेकऐवजी लोकांना ‘नंतर देऊ’ अशा सरकारी हुंड्या मिळाल्या होत्या. त्यानंतर २०१० मध्ये मतदारांनीच नियम केला की १५ जूनपर्यंत बजेट मंजूर झालं नाही तर आमदारांचा तेवढ्या दिवसांचा पगार बुडेल, मागाहूनही मिळणार नाही. २०११ मध्ये तो खरोखर बुडालाही. बजेट आता वेळेवर मंजूर होतं, नवल नाही.

राष्ट्रपती राजवटीबद्दल काय लिहू? ती आपल्या राज्यघटनेच्या ३५६ व्या कलमात आहे, अमेरिकेच्या घटनेत नाही. राज्याचं बजेट फसलं म्हणून तिथला राष्ट्राध्यक्ष गव्हर्नरला घरी पाठवू शकत नाही. हे लिहिणाऱ्यानं आपल्याकडच्या बातम्यांवर अमेरिकेची नावं चिकटवलीत.

पेनसिल्व्हेनियाचं अर्धं खरं. ३० जून २०२५ ला ठरायला हवं होतं ते बजेट गव्हर्नर जॉश शापिरो यांच्या सहीनं १२ नोव्हेंबरला झालं. त्यात शाळा, काउंट्या, सेवाभावी संस्था भरडल्या गेल्या, काहींना कर्ज काढावं लागलं. पण राज्य सरकार बंद नव्हतं, कर्मचाऱ्यांचे पगार होत होते. बंद पडलं होतं ते वॉशिंग्टनचं केंद्र सरकार, १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस, आणि तेही नेमकं १२ नोव्हेंबरलाच सुरू झालं. दोन बातम्यांची खिचडी.

टेक्सासमध्ये शून्य कर? शून्य आयकर. २०१९ मध्ये तर त्यांनी तो राज्यघटनेतच निषिद्ध केला. पण शाळा, रस्ते, पोलिस काही हवेवर चालत नाहीत. तिथं विक्रीकर ८.२५ टक्क्यांपर्यंत जातो आणि मालमत्ता कर देशातल्या जास्त दरांपैकी आहे. घर घेतलं की तो दरवर्षी भरायचा, भाड्यानं राहिलात तर भाड्यातून. लोक इतके कावले की राहत्या घराच्या किमतीतली करमाफ रक्कम २०२३ मध्ये एक लाख डॉलर करावी लागली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये एक लाख चाळीस हजार. शाळांचं या करातून बुडालेलं उत्पन्न राज्य आपल्या शिलकीतून भरतंय. ती शिलकीची चैन किती वर्षं टिकेल ते बघायचं. एवढं मात्र खरं की माझ्या भावासारख्या चांगल्या पगाराच्या इंजिनिअरला ऑस्टिनमध्ये एकूण कर कमीच बसेल. तो आकडा त्यानं जरूर मांडावा.

आमदारांच्या कोट्यवधींवर वेळ घालवत नाही. टेक्सासच्या आमदाराला महिन्याला ६०० डॉलर मिळतात, न्यू हॅम्पशायरमध्ये वर्षाला १००.

राज्यांच्या बजेटची काळजीच करायची असेल काकू, तर एका गोष्टीची करा. ४ जुलै २०२५ ला राष्ट्राध्यक्षांनी सही केलेल्या कायद्यानं गरिबांच्या अन्नमदतीचा, म्हणजे ‘स्नॅप’चा, बोजा राज्यांकडे सरकवलाय. ही योजना चालवण्याच्या खर्चातला राज्यांचा वाटा ऑक्टोबर २०२६ पासून ५० टक्क्यांवरून ७५ वर जाणार. वर्षभरानं, मदत वाटण्यात ठरावीक प्रमाणाबाहेर चुका करणाऱ्या राज्यांना मदतीच्या रकमेतलेही ५ ते १५ टक्के स्वतः भरावे लागणार. याआधी ती सगळी रक्कम केंद्र देत होतं. हे बिल कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटोला येणार तसंच टेक्सासची राजधानी ऑस्टिनलाही.